दीड किलोचा तंबू आणि केदारकांठा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



बासुंदी-पुरीच्या जेवणानंतर भाषण ठेवणाऱ्या संयोजकांचा मी आधी जाहीर निषेध करते. मागच्या दोन रांगांत डोळे मिटायला लागलेत, ते मला इथून दिसतंय. झोपा खुशाल. फक्त डिसेंबरच्या यादीत ज्यांची नावं आहेत त्या चौदा जणांनी झोपायचं नाही.

मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. तो मी बदलून घेतला. त्यावर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली मिळतात, आणि आपल्या ग्रुपवर गेला महिनाभर जे चाललंय त्यावर बोलणं मला जास्त निकडीचं वाटलं. सर, बाई, तुम्हाला कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या बॅचचे चौदा जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडात केदारकांठ्याला निघालेत. साडेबारा हजार फुटांचं शिखर, सांक्री नावाच्या गावातून चढायचं, आणि वाटेत बर्फावर मुक्काम. यादीत एकाची अँजिओप्लास्टी झालेली आहे, दोघींचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, आणि एकीची पंधरा वर्षांची मुलगी येणार आहे.

तर ग्रुपवर आपल्या एका मित्राने तंबूची लिंक टाकली. दोन माणसांचा, वजन दीड किलो, किमतीत चाळीस टक्के सवलत. खाली त्याने लिहिलं, “सात घिऊन टाकू. भाड्याचे कुबट तंबू नकोत कुणाला. ह्यो तर खिशात घालून न्यायचा.” त्यावर भराभर अंगठे आले. माझा आला नाही. सवलत परवा रात्री संपतेय आणि तो रोज मला विचारतोय, “तुझा अंगठा कुठाय गं?” तो इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. बाबा रे, आज सगळ्यांसमोर उत्तर देते.

मी गेली बारा वर्षं हिवाळ्यात हिमालयात जाते. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या धंद्यात कुणी आनंदाने सांगितलं, की तेच काम आता अर्ध्या वेळात होतं, तर माझा पहिला प्रश्न असतो: कोणत्या तपासण्या काढून टाकल्यास? तंबूला मी तोच प्रश्न विचारते. तंबू हलका आहे म्हणजे त्यातून काहीतरी काढलेलं आहे. कधी कापड पातळ केलं, कधी पोल बारीक केले, कधी भिंतीच्या जागी जाळी लावली, कधी फक्त पिशवी मोजायची राहिली. काय काढलं ते कळलं की तो तंबू कुठे चालेल आणि कुठे दगा देईल हे आपोआप कळतं.

शेवटची गोष्ट आधी घेते, कारण ती सोपी आहे. जाहिरातीत बहुतेक वेळा ‘किमान वजन’ छापतात. त्यात आतला तंबू, बाहेरचं कापड आणि पोल एवढंच धरतात. मेखा, तणावे, पिशव्या त्यात नसतात. त्या लिंकवरचं पान खालपर्यंत वाचलं तर बारीक अक्षरात एक किलो नऊशे ग्रॅम लिहिलंय. म्हणजे दीड किलोचा तंबू दीड किलोचा नाहीच. आणि बर्फात मेखा, तणावे बरोबर न्यावेच लागतात, उलट जास्तीचे न्यावे लागतात.

दुसरी गंमत नावाची. त्या पानावर ‘थ्री सीझन’ असं ठळक लिहिलंय. ग्रुपवर एकीने लगेच उत्तर दिलं, “आपले ऋतू तीनच की, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. मग झालं!” वाचून मी हसले, पण नंतर लक्षात आलं की बऱ्याच जणांना ते खरंच पटलंय. थ्री सीझन हा शब्द थंड देशांतला आहे. त्यांचे तीन म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळ. त्यांचा चौथा, म्हणजे बर्फाचा हिवाळा, त्यातून मुद्दाम वगळलेला असतो. आपल्याला जायचंय नेमकं त्या चौथ्यात.

आता कापड. या गावात कापडावर भाषण करायचं म्हणजे धाडसच. आपल्यातल्या निम्म्या घरांत माग होते, अजून आहेत. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, हे इचलकरंजीत शाळेत शिकवावं लागत नाही. डेनियरचं उलटं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. त्या तंबूचं बाहेरचं कापड पंधरा डेनियर नायलॉनचं आहे. म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन पंधरा ग्रॅम! माझ्या तंबूचं तीस डेनियरचं आहे. हे ऐकून मागवाले मित्र म्हणतील, तीस तरी काय मोठं लागून गेलं? बरोबर आहे. म्हणून नुसता डेनियर बघून चालत नाही, लेप कशाचा आहे ते बघावं लागतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं नायलॉन फाटायला चिवट होतं. पॉलियुरेथेनचा लेप पाणी अडवतो, पण कापडाची फाटण्याची ताकद कमी करतो. स्वस्त आणि हलक्या तंबूंत सहसा दुसरा असतो. शिवाय नायलॉन भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू रात्री दहाला ढगळ सदऱ्यासारखा लोंबतो, आणि लोंबलेल्या कापडावर बर्फ साचतो. झोपण्यापूर्वी एकदा उठून सगळे तणावे पुन्हा ओढायचे असतात, ते यासाठी. पॉलिएस्टर इतकं सैलावत नाही. डायनिमाचे तंबू तर अजिबात ताणत नाहीत आणि वजन अगदी नगण्य, पण किंमत ऐकून आपण सगळे पुन्हा बासुंदीकडे वळू. टोकदार वस्तूने त्यांना भोकही पटकन पडतं.

शिवणकामाच्या बाई समोर बसल्यात म्हणून एक वाक्य शिवणीवर. बाई, चांगल्या तंबूत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घातलेली दुहेरी शिवण असते, तुम्ही आमच्याकडून तीन-तीनदा उसवून घेतली होती तीच. सिलिकॉनच्या कापडावर चिकटपट्टी बसत नाही, म्हणून सुईची भोकं हाताने सिलिकॉन लावून बुजवावी लागतात. हे काम मी दर दोन वर्षांनी गच्चीत बसून करते.

आता वारा आणि बर्फ. इथे थोडं गणित आहे, पण नववीच्या पलीकडचं नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन माणसांच्या तंबूची एक बाजू साधारण दोन चौरस मीटर धरा. ताशी ३० किलोमीटरचा वारा तिच्यावर साधारण ९ किलो वजनाइतका रेटा देतो. वारा ६० झाला की तो १८ होत नाही, ३५ होतो. ९० झाला की ८० च्या जवळ. उंचावर हवा विरळ असते, म्हणून त्यातला पाव भाग वजा करा, तरी चित्र बदलत नाही. ‘वारा जरा वाढलाय’ असं आपण म्हणतो तेव्हा तंबूवरचा भार जरा वाढलेला नसतो.

हा भार पोल झेलतात. त्या तंबूला साडेआठ मिलिमीटर जाडीचे दोन पोल आहेत, वर एकदाच एकमेकांना छेदणारे. जाडी तेवढीच ठेवून नळी दहा मिलिमीटरची केली तर ताठपणा साठ टक्क्यांहून जास्त वाढतो. दीड मिलिमीटरमध्ये एवढा फरक! आणि पोल किती वेळा छेदतात हेही महत्त्वाचं. आपल्या भूमितीच्या सरांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन दाखवलं होतं आठवतंय? चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. सर, जगातले वादळात टिकणारे घुमटाकार तंबू त्याच काड्यांवर उभे आहेत. तीन-चार पोल एकमेकांना अनेक ठिकाणी छेदतात, त्यातून त्रिकोण तयार होतात आणि भार वाटला जातो. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत बकमिन्स्टर फुलरच्या घुमटावरून तसे तंबू बाजारात आले.  दोनच पोल वर छेदणारा तंबू म्हणजे कोंबड्या झाकायचं डालगं समजा, पण त्यातल्या दोन सोडून बाकी सगळ्या कामट्या काढलेलं. तिसरा प्रकार बोगद्यासारखा, बैलगाडीवरच्या छपरासारखा. तो वजनाच्या मानाने फार भक्कम, पण तोंड वाऱ्याच्या रेषेत ठेवावं लागतं आणि मेखा उपटल्या की तो उभाच राहत नाही. माझा तंबू त्या जातीचा आहे, स्वीडनच्या हिलेबर्गचा, अडीच किलोचा, कुणीतरी वापरलेला घेतलेला. नवा घेतला तर लाखाच्या घरात जातो.

आता खरं सांगायचं तर केदारकांठ्यावर वारा ही पहिली काळजी नाही. तिथले मुक्काम झाडीतल्या मोकळ्या जागांत असतात, शिखरावर असतो तसा वारा खाली नसतो. काळजी बर्फाची. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतात आणि एका रात्रीत वीतभर, हातभर बर्फ टाकून जातात. हिशेब करा. तंबूचं छत तीन चौरस मीटर, त्यावर वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर बर्फ. ताजा, कोरडा, पिंजलेल्या कापसासारखा असला तरी घनमीटरला १०० किलो धरू. झाले ६० किलो. आपल्यातला एक मध्यम आकाराचा माणूस रात्री छतावर येऊन बसलाय. बर्फ ओला असेल तर दोन-तीन माणसं. छताचा उतार तीव्र असेल तर बर्फ घसरून जातो, आणि त्या लिंकवरच्या तंबूचं छत वर जवळजवळ सपाट आहे. फोटो मोठा करून बघा.

आणि हे सगळं सोडून दिलं, तरी ज्या एका गोष्टीसाठी मी अंगठा दिला नाही ती वेगळीच आहे. ती म्हणजे जाळी. त्या तंबूची आतली भिंत पूर्ण जाळीची आहे आणि बाहेरचं कापड जमिनीपासून चार बोटं वर थांबतं. वजन मुख्यतः तिथून काढलंय. आपल्याकडच्या उकाड्यात हे वरदान आहे. हवा खेळते, डास येत नाहीत, रात्री चांदण्या दिसतात. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मी त्या तंबूत आनंदाने झोपेन. तंबू वाईट नाही, एवढं मित्राच्या बाजूने म्हणते.

पण चार वर्षांपूर्वी हर की दूनच्या वाटेवर फेब्रुवारीत एका संस्थेने आम्हाला अगदी असेच तंबू दिले होते. माझ्याबरोबर तंबूत पुण्याची एक डॉक्टर होती, पन्नाशीची. रात्री वारा सुटला. वरून पडणारा बर्फ फार नव्हता, पण वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ उडत होता, पिठासारखा बारीक. तो कापडाच्या खालच्या फटीतून आत शिरला आणि जाळीतून चाळणीतून यावा तसा आमच्या अंगावर पडत राहिला. दोन वाजता मला जाग आली ती तोंडावर काहीतरी गार पडल्यामुळे. दिवा लावला तर दोघींच्या स्लीपिंग बॅगांवर पांढरा थर. अंगाच्या उबेने तो वितळत होता आणि पिसांची बॅग पाणी पीत होती. ओल्या पिसांत ऊब राहत नाही. माझ्या बॅगेवर जरा बरं आवरण होतं, तिच्या बॅगेचं पार भजं झालं. आधी ती कुडकुडत होती, गप्पा मारत होती. मग बोलणं तुटक झालं. हातमोज्याची चेन लावता येईना तिला. आणि मग ती म्हणाली, आता बरं वाटतंय, झोपते. ती स्वतः डॉक्टर होती, तरी ते वाक्य धोक्याचं आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. मी शिट्टी वाजवली, आमचा स्थानिक वाटाड्या आला, आणि आम्ही तिला उचलून स्वयंपाकाच्या मोठ्या तंबूत नेलं. कपडे बदलले, दोन माणसांच्या मध्ये झोपवलं, गोड गरम पाणी चमच्याने पाजलं. पहाटे पाचला ती शिवी देऊन चहा मागायला लागली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. बाहेरचं तापमान उणे नऊ होतं, काही भयंकर नाही. कोरड्या बॅगेत ती रात्र सहज निघाली असती.

पंधरा वर्षांच्या त्या मुलीचं नाव यादीत बघितल्यापासून मला ती रात्र आठवतेय.

म्हणून बर्फातल्या तंबूची आतली भिंत कापडाची हवी, आणि बाहेरचं कापड जमिनीला टेकणारं. काहींना खाली झालर असते, तिच्यावर बर्फ टाकून दाबायचं, मग फटच राहत नाही. ही झालर नवी युक्ती नाही. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉटच्या लोकांचे बांबूंचे पिरॅमिडसारखे तंबू होते, त्यांना तशीच रुंद झालर असे. त्याच घडणीचे तंबू अंटार्क्टिकात अजून वापरतात.

त्यांच्यातल्या तिघांची गोष्ट सांगते. १९११ च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या भर हिवाळ्यात, चोवीस तासांच्या काळोखात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला चालत गेले. वाटेत तापमान उणे साठच्या खाली गेलं. तिथे त्यांनी दगडांची भिंत रचून वर कॅनव्हासचं छत घातलं आणि शेजारी तंबू लावला. वादळ आलं आणि तंबू उचलून घेऊन गेलं. मग छतही फाटून गेलं. वादळ ओसरेपर्यंत ते स्लीपिंग बॅगेत, अंगावर साचणाऱ्या बर्फात पडून राहिले. तंबू नाही म्हणजे परतीचा प्रवास नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. वादळ निवल्यावर अंधारात चाचपडत शोधायला निघाले, तर सुमारे अर्ध्या मैलावर उताराच्या पायथ्याशी तंबू सापडला, जवळजवळ धड. नशीब म्हणतात ते हे. परतताना बॉवर्स तंबूची दोरी स्वतःला बांधून झोपायचा. तंबू गेला तर मीही त्याच्याबरोबर जाणार, असा त्याचा हिशेब. मला त्याचं फार कौतुक वाटतं. तंबू उभारताना प्रत्येक वेळी एक दोरी आधी कुठेतरी बांधायची, पिशवीला, झाडाला, नाहीतर स्वतःच्या कमरेला, ही सवय मी त्याच्याकडून घेतली. उघडलेलं कापड वाऱ्यात हातातून सुटलं की ते पतंगाच्या वेगाने जातं.

मेखांचं थोडक्यात. नेहमीच्या सळईसारख्या मेखा बर्फात लोण्यात टाचणी रोवावी तशा जातात आणि तशाच निघतात. बर्फात मेख आडवी पुरायची. किंवा साध्या कापडी पिशवीत बर्फ भरायचा, तिला तणावा बांधायचा, हातभर खड्ड्यात पुरून वरून पायाने तुडवायचं आणि वीस-तीस मिनिटं हात लावायचा नाही. तुडवलेला बर्फ घट्ट धरतो. सकाळी तो काढायला कुदळ लागते, इतका. बाजारात यासाठी खास वस्तू मिळतात, पण आपल्या किराणा दुकानातली कापडी पिशवी उत्तम.

जागा निवडणं हे तंबू निवडण्यापेक्षा मोठं. बर्फाने लदलेल्या देवदाराच्या फांदीखाली नको, फांदीवरचा ढीग एकदम सुटतो. आणि उताराच्या पोटात नको. १९५९ च्या फेब्रुवारीत उरल पर्वतात नऊ रशियन गिर्यारोहक रात्री तंबू आतून कापून थंडीत पळाले आणि सगळे मेले. साठ वर्षं लोकांनी त्यावर भुताखेतांपासून परग्रहावरच्या लोकांपर्यंत कथा रचल्या. २०२१ मध्ये गॉम आणि पुझ्रिन या दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं, की तंबूसाठी उतार कापून सपाट केला, वर वाऱ्याने बर्फ साचत गेला, आणि काही तासांनी बर्फाची एक लहानशी लादी सुटली असावी. तंबू त्यांनी नीट उभारला होता. जागेने घात केला. आपल्याबरोबरचा वाटाड्या सांगेल तिथेच तंबू लावायचा. तिथून डोंगर चांगला दिसत नाही, फोटो येत नाही, ही तक्रार चालणार नाही.

चुलीबद्दल मात्र दम देऊन सांगते. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. चहासाठीही नाही, हात शेकायलाही नाही. बर्फाने खालच्या फटी बुजलेल्या असतात, हवा येत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोप लागते आणि माणूस उठत नाही. दारापुढे पडवी असते तिथे, चेन उघडी ठेवून, तेही जाणत्या माणसानेच. शेगडी, कोळसे तर नावही काढू नका. आणि वरची झडप रात्रभर उघडी ठेवायची, कितीही थंडी वाजली तरी. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात चांगलं पेला-दोन पेले पाणी बाहेर पडतं. झडप बंद केली की ते छताला लागून गोठतं आणि पहाटे कुणी कूस बदलली की अंगावर पडतं. दुहेरी भिंतीचा तंबू घ्यायचा तो याचसाठी. आतलं कापड ते झेलतं. तंबूमुळे ऊब मिळते असं समजू नका, आत-बाहेर फरक थोड्याच अंशांचा असतो. ऊब मॅटमुळे असते, कारण खालचा बर्फ वरच्या हवेपेक्षा जास्त ओढून घेतो. एकावर एक दोन मॅट घाला, त्यांची रोधशक्ती बेरजेने वाढते.

तर सात तंबूंचं काय? घेऊ नका. आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती ही, की केदारकांठ्यावर तंबू आपण वाहणारच नाही आहोत. ते खेचरं किंवा पोर्टर वाहणार. दीड किलोचा सगळा फायदा खेचराला, आणि जाळीतून येणारा बर्फ आपल्याला! हलका तंबू त्यांच्यासाठी, जे स्वतःच्या पाठीवर आठ-आठ दिवस घर वाहतात. आपल्याला इथे चार किलोचा भक्कम तंबू परवडतो. भाड्याचा कुबट असला तर दोन तास उन्हात टाकू.

मी नेणाऱ्या संस्थेशी परवा फोनवर बोलले. त्यांना सरळ विचारलं: आतली भिंत कापडाची की जाळीची, बाहेरचं कापड जमिनीला टेकतं का, पोल किती आणि किती जाड, आणि वादळ आलं तर सगळ्यांना एकत्र घ्यायला मोठा तंबू आहे का. पहिल्या दोघांनी, “मॅडम, काही काळजी करू नका” असं सांगितलं. तिसऱ्याने फोन ठेवून उभारलेल्या तंबूचे आठ फोटो पाठवले, खालच्या झालरीसकट. मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. त्याचा दर माणशी दीड हजार जास्त आहे. मित्राच्या सात तंबूंच्या पैशांत हा फरक दोनदा निघेल.

आणि तरीही हवामान खात्याने मोठ्या बर्फवृष्टीचा इशारा दिला, तर आपण सांक्रीतच राहायचं. २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद वादळ नेपाळात अन्नपूर्णेच्या बाजूला बर्फ होऊन पडलं, आणि तिथे चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यात पायी फिरायला आलेलेही होते. समुद्रावरचं वादळ आठवडाभर आधी टीव्हीवर दिसत होतं. आपल्यातल्या कुणी “एवढे पैसे भरलेत, एवढं लांब आलोय” असं म्हटलं, तर त्याला गप्प करायचं काम मी अँजिओप्लास्टीवाल्या मित्राकडे सोपवलंय. तो वर्गात मॉनिटर होता, त्याला सवय आहे.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. माझा तंबू आणि एक भाड्याचा, असे दोन मी बाहेर मैदानावर झेंड्याच्या कट्ट्याशेजारी ठेवलेत, गुंडाळलेले. चौदा जणांनी जोडीजोडीने ते उभारून बघायचे, हातमोजे घालून. बर्फात उघड्या बोटांनी धातूच्या पोलला हात लावता येत नाही, म्हणून सराव तसाच करायचा. हातमोजे इथे कुणाकडे नसणार, म्हणून मी घरून ओव्हनचे आणलेत, दोन जोड्या. लिंक टाकणाऱ्याचा नंबर पहिला.